पायातली चांदी

पुतळाबाई मढवी आपल्या सुनेबद्दल चारचौघींत हसत सांगायच्या, "माजी सून ना, तिला सोन्यासारखा नवरा आनून दिला तरी आदी उलटा करून मागनं बघील."

त्यात खोटं काही नव्हतं. सुचिताचं कामच तसं होतं. वाशीच्या एका हॉलमार्किंग सेंटरात ती धातू तपासायची. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, लग्न होऊन कोपरखैरण्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात आली आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने ही नोकरी धरली. सेंटरात दिवसभर सोनंच यायचं, पण तिला ओढ जुन्या चांदीची. सोनं लोक कपाटात ठेवतात, चांदी वापरतात, म्हणून चांदीवर माणसाची खूण राहते, असं तिचं म्हणणं. पेल्याची कड ओठांनी झिजते, कुंकवाच्या करंड्याचं झाकण बोटांनी. नव्या वस्तूला धूर देऊन काळं करणारे, आम्लात बुडवणारे खूप असतात, पण झीज कुठे असायला हवी हे त्यांना उमगत नाही. त्यामुळे वस्तू हातात आली की सुचिता आधी ती पालथी करायची. दर्शनी बाजूला कारागीर काय दाखवायचं ते दाखवतो, पाठीला तो बेसावध असतो. मशीन सगळ्यात शेवटी. मशीन फक्त वरची कातडी वाचतं, हे तिने सेंटरात आल्या आल्याच शिकून घेतलं होतं.

गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला त्या वर्षीची ही गोष्ट.

देवीचा चांदीचा मुखवटा ही गावाची मोठी श्रद्धा. जत्रेला तो पालखीत बसायचा, एरवी बँकेच्या लॉकरात असायचा. मिठागरांच्या काळात गावाने घडवलेला, दोनशे वर्षांचा, असं सगळे सांगत. शिवाय त्याला एक चमत्कार जोडलेला होता. पूर्वी तो बारा महिने देवळातच असायचा तेव्हा कधीतरी चोरीला गेला होता, आणि थोड्याच दिवसांनी पहाटे देवळाच्या पायरीवर फडक्यात गुंडाळलेला सापडला. "देवी आपल्या पायांनी परत आली," असं लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्या जत्रेत ऐकायला मिळायचं. सुचितानेही ते ऐकलं होतं, हात जोडले होते.

नव्या देवळात मुखवट्याला सोन्याचा मुलामा द्यायचा असं कमिटीने ठरवलं. कमिटीचे अध्यक्ष सुचिताचे सासरे, सिताराम मढवी. मुलामा देणारा कारागीर म्हणाला, आधी चांदीचा कस तपासून आणा. सितारामांना आनंदच झाला. "घरची सून हाय ना," ते म्हणाले. "कस काढ, आनि मुखवटा किती जुना हाय त्याचा दाखला पन दे. फ्रेम करून देवळात लावू."

मुखवटा हिरव्या खणात गुंडाळून, वर हळदकुंकू वाहून सुचिताच्या हाती आला. तिने तो सेंटरात नेला, टेबलावर मऊ कापड पसरलं, मनातल्या मनात माफी मागितली आणि देवीला पालथं केलं.

पालखीत बसवताना मागे कापूस आणि लाल कापड भरलेलं असायचं. ते काढून पाठ उघडी पाहणारी बऱ्याच वर्षांतली ती पहिलीच असावी. तिने पाठ दिव्याखाली धरली.

हातोडीने घडवलेल्या जुन्या पत्र्याची जाडी सारखी नसते. इथे कडेजवळ, जिथे हातोडी पोचली नव्हती, तिथे बारीक समांतर रेषा होत्या, रोलरमधून काढलेल्या पत्र्यावर असतात तशा. कपाळ एका पत्र्याचं होतं, गाल दुसऱ्या. मशीनवर ठेवलं तर दोन्हींचा कस वेगळा. जोडावर किरण धरला तेव्हा पडद्यावर कॅडमियम आलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कामात ते असणं शक्य नव्हतं. आपल्याकडच्या सोनारांत तसा जोड द्यायची रीत अलीकडची.

तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, ओळखीचा नमुना ठेवून ते बरोबर वाचतंय ना हे पाहिलं, आणि सगळं परत तपासलं. तेच आलं.

तिला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते मुखवट्याच्या आतल्या काठाने. पत्र्याला बळ यावं म्हणून तिथे पीळदार जाड तार वळवून बसवली होती, एका बाजूने ठोकून चपटी केलेली. दोन तुकडे. एकाचा पीळ उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. तार मुखवट्याच्या आधीची होती आणि तिची एक बाजू गुळगुळीत झिजलेली होती. मुखवट्याच्या आत तर कोणाचा हात जात नाही. मग ही झीज आली कुठून? एका तुकड्याच्या टोकाला मळसूत्राचं भोक होतं, खिळा फिरवून बसवायचं असतं तसं. म्हणजे तार नव्हेच. कोणाचा तरी दागिना.

तिने तो काठ पुन्हा पुन्हा उलटसुलट फिरवून पाहिला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, काय झालं?" सुचिताने मुखवटा पुन्हा खणात गुंडाळला.

संध्याकाळी घरी सिताराम झोपाळ्यावर वाटच पाहत होते. पुतळाबाई भाजी निवडत होत्या. दिपेश, सुचिताचा नवरा, नुकताच भाडेकरूंकडून भाडं घेऊन आला होता.

"मग? किती जुनी निघाली देवी?" सितारामांनी विचारलं.

"बाबा, चांदी खरी आहे," सुचिता म्हणाली. "मुखवटा खोटा आहे."

"म्हंजे?"

"चोरीनंतर जो परत आला, तो हा नवीन बनवून ठेवलेला. जुना मुखवटा परत आलेलाच नाही."

सितारामांचा झोपाळा थांबला. मग ते एकदम उसळले. "तुजी मशीन बिघडलीय! अख्ख्या गावानं पाहिला. मी माज्या हातानं उचलला पायरीवरना!"

"बाबा, मशीन सोडा. हे पाहा." तिने मुखवटा पालथा करून काठ दाखवला. "हा कुणाच्या तरी पायातला दागिना आहे. ठोकून बसवलाय."

दिपेश पुढे वाकला. पुतळाबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि मुखवटा मांडीवर घेतला. अंगठा काठावरून फिरवत नेला. डाव्या पिळाच्या तुकड्यावर अंगठा थांबला. मागे गेला, परत तिथेच आला. 

"आई?" दिपेश म्हणाला.

"रंगूचा तोडा," पुतळाबाई पुटपुटल्या. "हा रंगूचा तोडा हाय."

"कोण रंगू?" सुचिताने विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे नाव तिने या घरात ऐकलं नव्हतं.

 पुतळाबाई बोलल्या, मुखवट्यावरची नजर न काढता. "ज्ञानूची बायको. आमी दोघी बरोबर पनवेलला गेलो तोडे घ्यायला. घरी येऊन बघतो तर तिच्या एका तोड्याचा पीळ उलटा. सोनारानं चुकून उलटा विनलेला. मी म्हनली, बदलून आन. ती म्हनते, राहू दे ग, कोन माज्या पायाकडं बघतंय. मंग आमी हसायचो, रंगू एका पायानं पुढं जाते नि एका पायानं मागं."

ज्ञानू देवळात झाडलोट करायचा, दिवाबत्ती बघायचा, रोज सकाळी देवीचं तोंड पुसायचा. देवळाची चावी त्याच्याकडे. मुखवटा गेला तेव्हा कुलूप तुटलं नव्हतं. बास, एवढंच कारण. गाव बसलं. ज्ञानू म्हणत राहिला, मी नाय घेतला. कोणी ऐकलं नाही. अमावास्येच्या आत देवी जागेवर आली नाही तर याच्या घराशी कोणी बोलायचं नाही, विहिरीवर यायचं नाही, असं ठरलं. अमावास्येच्या आत देवी जागेवर आली. गाव म्हणालं, बघा, घाबरला आणि आणून ठेवला. म्हणजे चोर तोच. आणि वाळीत टाकायचं ते टाकलंच. पावसाळ्याच्या आत ज्ञानू-रंगू गाव सोडून गेले. पुढे त्यांचं नाव गळालं आणि चमत्कार तेवढा उरला.

"कोणी ठरवलं होतं, अमावास्येचं?" सुचिताने विचारलं.

पुतळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

सितारामांनी मान फिरवली. धिप्पाड माणूस तो, सत्तरी ओलांडली तरी आवाजाने गल्ली हलवणारा. त्या संध्याकाळी ते भिंतीला धरून उठले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. पुतळाबाई रात्रभर मधूनमधून एकच म्हणत राहिल्या, "मी पन बोलली नाय तिच्याशी. पानी भरायला आली तर मी बाजूला झाली."

रंगूबाईंचा पत्ता लागला पुतळाबाईंच्या उरणच्या भाचीकडून. ज्ञानू वारला होता. रंगूबाई उरणजवळ द्रोणागिरीला मुलीकडे होत्या. जावई कंटेनर यार्डात कामाला. रविवारी दिपेशने गाडी काढली. सुचिता आणि पुतळाबाई बसल्या, आणि कोणी न बोलावता सिताराम येऊन पुढच्या सीटवर बसले. वाटेत ट्रेलरच्या रांगांमध्ये गाडी पुन्हा पुन्हा अडकून राहत होती.

गोदामांच्या मागे चाळीसारखी नवीन बैठी घरं होती. दारात एक किडकिडीत म्हातारी सुपात जवळा निवडत बसली होती. गाडीतून उतरणाऱ्या पुतळाबाईंना तिने कपाळावर हात धरून पाहिलं. ओळखलं. पण उठली नाही.

"ये," एवढंच म्हणाली.

आतून तिची मुलगी अक्षता आली. तिशी ओलांडलेली, जवळच्या एका गोदामात पॅकिंगचं काम करणारी. तिने चटई घातली, पाणी आणलं. सितारामांनी पाणी घेतलं नाही. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

सुचिताने पिशवीतून मुखवटा काढला आणि पालथा करून रंगूबाईंपुढे ठेवला. "मावशी, मी यांची सून. चांदी तपासायचं काम करते. हे तुमचे तोडे आहेत का?"

 जवळा लागलेली बोटं लुगड्याला पुसून रंगूबाईंनी काठाला हात लावला.

"एक उलटा," त्या म्हणाल्या.

पुतळाबाईंना हुंदका आला. रंगूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या सुचिताशीच बोलत होत्या, जसं काही बाकी कोणी तिथे नव्हतंच. "मना सांगला आमच्या यांनी, मी घेतला नाय हे मी किती वेळा सांगू? देवीचा तोंड आयला तर निदान तुना विहिरीवर येऊ देतील. मंग कमरपट्टा दिला, आयशीचे वाळे दिले, पेनच्या एका सोनाराकडं. सोनार म्हनतो, फोटो हाय? फोटो कुठला? यांनी आपल्या तोंडावर बोट फिरवून दाखवला, नाक असा, गाल असा. रोज पुसायचे ना तोंड देवीचा. बोटांना ठावूक होता. तोडे तेवढे वितळवायचे नव्हते, पन काठाला जाड काय तरी पायजे म्हनाला सोनार."

"आई," मागून आवाज आला.

अक्षता भिंतीला टेकून उभी होती. हातातला तांब्या कलंडून पाणी तिच्या पायांवर सांडत होतं आणि तिला कळत नव्हतं. "म्हणजे... बाबांनी चोरी केली नव्हती?"

रंगूबाईंनी मान वळवली.

"मला शाळेत उरणच्या पोरी म्हणायच्या, तुझ्या बापाने देवी चोरली. कुणीतरी गावाकडून सांगितलेलं. मला वाटायचं खरंच असेल, म्हणून तुम्ही कधी गावाचं नाव काढत नाही. मी बाबांशी..." ती थांबली. "आई, ते आजारी होते तेव्हासुद्धा मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू कदी इचारलंस?" रंगूबाई म्हणाल्या. रागाने नाही.  धातूने सुचिताला जे सांगितलं होतं त्यात ही मुलगी कुठेच नव्हती. आपण नेमकं काय उघडून ठेवलंय हे तिला त्या क्षणी कळलं आणि मुखवटा परत खणात गुंडाळून घरी पळून जावं असं वाटलं.

तेवढ्यात सिताराम बाहेरून म्हणाले, "रंगू, तवा बोलायचा होता. मी घडवून आनलाय म्हनून सांगायचा होता."

"कोनाला?" रंगूबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाला? तुमी ऐकलं असतं?"

सितारामांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

मग रंगूबाई अचानक हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवत, शेवटी खोकला येईपर्यंत. सगळे घाबरून बघत राहिले. "पुतळे," त्या श्वास घेत म्हणाल्या, "कळला का तुना? पायातले हायत ते माजे. चिखलातना, शेनातना, मिठागरातना घातलेले. माजी सावली नको होती तुमाला. आनि इतकी वरसा पालखीत बसवून माज्याच पायांना हात जोडले तुमी. अख्ख्या गावानं!"

चांदी पायात घालतात, पायातलं कधी डोक्याला लावत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. सिताराम उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसले. पुतळाबाई चटईवरून सरकत पुढे गेल्या आणि त्यांनी रंगूबाईंचे पाय धरायला हात पुढे केला. रंगूबाईंनी पाय आखडून घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "आता नको. तोडे तेवढे मना परत द्या. तोंड ठेवा नायतर फोडा, माजा काय नाय."

परतताना सिताराम एकदाच बोलले. "सुचिता, दाखला लिव. काय निगालं ते लिव."

नव्या देवळात सभा झाली. सितारामांनी उभं राहून सगळं सांगितलं, ज्ञानूचं नाव घेऊन, अमावास्येचं कोण बोललं होतं तेही.  मग एकदम गलका. काहींनी सुचितालाच धरलं. "वहिनी, तुमाला कस काढायला दिला होता. पाठ बघायला कोनी सांगितली?" कोणी म्हणालं, झालं ते झालं, मुलामा द्या आणि विषय मिटवा, सोन्याखाली काय आहे कोण बघतंय. बंडू नावाचा एक रिक्षावाला, सितारामांच्या भावकीतला, मागून ओरडला, "मग जुनी देवी कुठं हाय? कुलूप तोडलं नव्हतं. चावी ज्ञानूकडं, आनि दुसरी?"

दुसरी चावी तेव्हाच्या पंचांकडे फिरती असायची. त्यातले तिघे वारलेले, दोघे समोर बसलेले, आणि एक स्वतः सिताराम. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुचिताने सासऱ्यांकडे पाहिलं आणि तिच्या मनात जो विचार येऊन गेला त्याने ती स्वतःच हादरली. सिताराम खाली मान घालून उभे होते. "माज्यावर पन संशय घ्या," ते म्हणाले. "घ्यायलाच पायजे. ज्ञानूवर आपन येवढ्यावरच घेतला होता."  जुना मुखवटा कोणी नेला हे आजही गावाला माहीत नाही, आणि दोन घरांचं तर त्यावरून बोलणंही तुटलं.

त्या वर्षीच्या जत्रेत पालखीत मुखवटा नव्हता. तांब्याच्या कलशावर नारळ, त्याला देवीची साडी नेसवलेली. बायकांनी ओवाळलं, पण गाणी नेहमीसारखी चढली नाहीत. मुखवट्याचं काय करायचं यावर कमिटीचं एकमत झालं नाही. तो लॉकरातच आहे, काठाशिवाय. काठ सोनाराकडून अलगद सोडवून सुचिता स्वतः द्रोणागिरीला पोचवून आली. चपटे झालेले ते तोडे घालता येण्यासारखे राहिले नव्हते. रंगूबाईंनी ते हातात घेतले आणि अक्षताकडे दिले.

जत्रेनंतर एका रविवारी अक्षता एकटीच गावात आली. सुचिताच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "ताई, आमचं घर कुठे होतं ते दाखवाल?" सुचितालाही ते ठाऊक नव्हतं. पुतळाबाई चपला घालून दोघींबरोबर निघाल्या. दोन गल्ल्या ओलांडून त्यांनी बोट दाखवलं. तिथे आता तीन मजली इमारत होती, खाली मोबाईलचं दुकान, वर वाळत घातलेले कपडे. अक्षता इमारतीकडे बघत उभी राहिली. पुतळाबाई सांगत होत्या, विहीर तिथं होती, तुळस इथं.

पहिल्या मजल्यावरून एका बाईने वाकून विचारलं, "कोण पाहिजे?"

सुचिता काहीतरी सांगणार होती, पण अक्षताने मान वर केली.

"मी ज्ञानूची मुलगी," ती म्हणाली. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

वरची बाई गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. तिच्या मागून एक म्हातारी काठी टेकत गॅलरीत आली, कठड्याला धरून खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेला म्हणाली, "चहा टाक. तिला वर बोलव."